पांघरूण

‘पांघरूण घालणं’ याचे मराठीत दोन अर्थ आहेत. आई झोपलेल्या पोरावर घालते ते एक, आणि घरातली माणसं एकमेकांच्या चुकांवर घालतात ते दुसरं. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनोंडागा तळ्याकाठी मला हे दोन्ही अर्थ एकदम आठवले.

मी तेव्हा सिरॅक्यूजला शिकत होतो. तळं दिसायला देखणं. पण १९४६ ते १९७० या काळात कारखान्याच्या सांडपाण्यातून त्यात सुमारे ७५ हजार किलो पारा गेला. १९७० साली मासेमारीवर बंदी आली. पारा तळाच्या गाळात बसतो, तिथले जीवाणू त्याचं आणखी घातक रूप तयार करतात, आणि ते किड्यांतून माशांत, माशांतून माणसांत चढत जातं.

२०१२ ते २०१४ मध्ये सुमारे १७ लाख घनमीटर गाळ उपसला. सगळा नाही. उपसताना गाळ ढवळतो, बसलेलं विष पुन्हा पाण्यात येतं. म्हणून तळाच्या सुमारे ४७५ एकरांवर स्वच्छ वाळूचा थर अंथरला. काही ठिकाणी त्यात विष धरून ठेवणारा कार्बन, लाटांनी वाळू सरकू नये म्हणून वर खडी.

तिथल्या मूळच्या ओनोंडागा लोकांना हे पटलं नाही. तळं त्यांना पवित्र. त्यांचं म्हणणं सरळ होतं: विष काढा, झाकू नका.

त्याच सुमारास माझं बाबांशी फोनवर वाजलं. आजोबांनी आत्याची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, कागदात काय आहे ते न सांगता. मी विषय काढला, तर बाबा म्हणाले, “जुनं उकरू नकोस. चाळीस वर्षं सगळं शांत आहे. ढवळलंस तर दिवाळीला कुणी कुणाच्या दारात जाणार नाही.”

बाबांचं खोटं नव्हतं. इंजिनिअरही हेच सांगतात. मग वाळू बरोबर आणि बाबा चूक, असं मी कशावरून म्हणणार?

फरक मला उशिरा कळला. वाळूखाली काय आहे, कुठे आहे, याचे नकाशे आहेत. थर विरला का, हे मोजत राहावं लागतं. तिथलं पांघरूण म्हणतं, ‘खाली विष आहे.’ आमचं म्हणतं, ‘खाली काही नाहीच.’

तरी एक प्रश्न उरतोच. सगळं कबूल करून झाकलं, तरी झाकायचं हे ठरवणार कोण? ज्यांचं तळं होतं, त्यांचा नकार तर अजून तसाच आहे. तसंच, उकरायचं की राहू द्यायचं, हे बाबांनी ठरवायचं नव्हतं. मीही नाही.

मी आत्याला फोन केला. “आत्या, तुला काय हवंय?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे आजवर कुणी विचारलंच नाही रे. विचार करून सांगते.”

तिने अजून सांगितलेलं नाही. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात.