दोनशेवीस चिंचोके

गणिती आणि गुन्हेगारांची टोळी यांची एखाद्या विनोदी रहस्यकादंबरीत गाठ घालून द्यावी, ही कल्पना प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु जो महाडच्या बाजारपेठेत लहानाचा मोठा झाला, टपरीवर कागदाच्या चिठोऱ्यावर मटक्याचा आकडा लिहून देणारी माणसे ज्याने रोज पाहिली, आणि त्याच वयात बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतील झुंजार व काळा पहाड यांचे पराक्रम ज्याने एका बैठकीत वाचून संपविले, त्याला ही गाठ मुळीच अस्वाभाविक वाटणार नाही. टोळीला उद्याचा आकडा हवा असतो, गणित्याला संख्येचा नियम हवा असतो, आणि दोघेही एकमेकांकडे मोठ्या आशेने पाहत असतात; अशा कादंबरीतले हास्य येथूनच उगवते, आणि माझ्या मते धर्मविचारातला एक अत्यंत गंभीर प्रश्नही येथेच उभा राहतो.

रहस्यकथेच्या जगात योगायोगाला थारा नसतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. योगायोगाने गुप्तहेराला कधीही साहाय्य करता कामा नये, हा त्यांपैकी एक. नॉक्स हे रोमन कॅथलिक धर्मोपदेशक होते, आणि ईश्वराच्या इच्छेवाचून पानही हलत नाही असे मानणाऱ्या मनुष्याने योगायोगाला मज्जाव करावा, यात मला मोठी सुसंगती दिसते. पंचनाम्यातली सिगारेटची राख, जबानीतली तफावत, दाराची निघालेली कडी, यांतले काहीही निरर्थक नाही, प्रत्येक वस्तू कोणाचा तरी हेतू सांगत आहे, ही गुप्तहेराची श्रद्धा असते. आणि आकडा लावणाऱ्याची श्रद्धा हिच्याहून तिळमात्र निराळी नसते.

मटक्याचा इतिहास मराठी वाचकाला थोडाफार ठाऊक आहेच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणारे व बंद होणारे भाव तारायंत्राने मुंबईस येत आणि त्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली ती व्यवस्था बंद पडल्यावर १९६२त कल्याणजी भगत यांनी आणि १९६४त रतन खत्री यांनी आकडे येथेच काढण्यास प्रारंभ केला. ० ते ९ या अंकांतून तीन अंक निघतात, त्यांच्या बेरजेचे एकक म्हणजे ओपन. तसाच दुसरा क्लोज. दोहोंची मिळून जोडी. एकेरी आकड्याला रुपयास नऊ आणि जोडीला नव्वद, असा सर्वसाधारण दर. दहाही आकड्यांवर शंभर-शंभर रुपये लागले तर हजारातले नऊशे परत जातात आणि शंभर बुकीकडे राहतात. जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून दप्तरी असूनही हा धंदा सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोचला, याचे कारण गुन्हेगारांच्या चातुर्यापेक्षा त्या चिठोऱ्यावर विसंबणाऱ्यांच्या श्रद्धेत शोधले पाहिजे.

आमच्या आळीत भाताच्या वखारीवर दिवाणजी म्हणून आयुष्य काढलेले एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांना सारेजण अण्णा म्हणत. हिशेबात पैचा फरक पडला तर रात्रभर दिवा न मालवणारा हा माणूस. त्यांच्यापाशी लाल खारव्याने बांधलेली एक चोपडी होती, आणि तिच्यात कित्येक वर्षांचे फुटलेले आकडे, ओपन निळ्या शाईने व क्लोज तांबड्या शाईने, अशा सुवाच्य अक्षरात मांडलेले होते की एखाद्या सरकारी दस्तऐवजाने लाजावे. मी गणित शिकून आलो तेव्हा ती चोपडी माझ्यापुढे उघडून ते म्हणाले,

"तू शिकलास ना रे? मग यातली चाल सांग."

"अण्णा, यात चाल नाही. कालचा आकडा आजच्या आकड्याला ओळखत नाही."

"चाल नाही असं कसं होईल? देवानं जग काय चालीवाचून केलं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी ओसरीवर चिंचोके मांडले. तीन अंकांचे जितके मेळ होऊ शकतात, ज्यांना ते लोक पाने म्हणतात, तितके, म्हणजे २२०, चिंचोके मोजून घेतले, आणि एकेका पानाची बेरीज करून तिच्या एककाच्या ढिगात एकेक चिंचोका टाकीत गेलो. दिवेलागणीस दहा ढीग झाले. अण्णांनी ते एकामागून एक मोजले, प्रत्येकात २२. त्यांनी पुन्हा मोजले, पुन्हा २२. याचे कारण मी त्यांना समजावून दिले: १, ४, ९ या पानाची बेरीज १४, एकक ४, तिन्ही अंक एकेकाने पुढे सरकवले, नवाच्या पुढे शून्य धरले, की २, ५, ० होतात आणि एकक ७ येते, म्हणजे तिनाने सरकते, आणि ३ व १० यांना सामाईक भाजक नसल्यामुळे असे सरकत सरकत दहाही घरे सारखीच भरतात. अण्णा बराच वेळ त्या ढिगांकडे पाहत बसले आणि मग हळूच म्हणाले, "म्हणजे कोणावरच अन्याय नाही." त्यांनी ढिगांना हात जोडले. आकडा लावणे त्यांनी त्यानंतरही सोडले नाही, हे मला सांगितले पाहिजे.

जी चाल ते आयुष्यभर शोधीत होते ती त्या ओसरीवर त्यांच्यापुढे मांडलेली होती. परंतु ती त्यांना उद्दिष्ट करून काही सांगत नव्हती. विश्वाला नियम आहे, यावरून त्या नियमात माझ्या नावाचा काही निरोप आहे असे सिद्ध होत नाही. आणि या दोन गोष्टींची गल्लत हीच मटक्याच्या साऱ्या इमारतीची पायाभरणी आहे. स्वप्नात पाहिलेल्या नागाचा आकडा, मोटारीच्या पाटीवरचा आकडा, बैराग्याने पुटपुटलेला आकडा, या सर्वांमागे मनुष्य परमेश्वराचे मन धुंडीत असतो. ज्यावर कमी पैसे लागले तोच आकडा मुद्दाम काढतात, असा प्रवाद जुगाऱ्यांतच आहे. तो खरा धरला, तर आकड्यामागे मन सापडते खरे, पण ते चोराचे. देवाचा हेतू शोधीत निघालेल्याने बुकीच्या हेतूपाशी येऊन थांबावे, यासारखा दारुण शेवट मला कोणत्याही रहस्यकथेत आढळलेला नाही.

योगायोगाचे गणित जन्मास आले तेही जुगाऱ्यानेच विचारलेल्या प्रश्नावरून. १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट मोडलेल्या डावातील पैशांच्या वाटणीविषयी पत्रव्यवहार केला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका रात्री पास्कलला असा उत्कट ईश्वरानुभव आला की त्याची टिपणे त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून मरेपर्यंत जवळ बाळगली. आपल्याकडे महाडपासून जवळच, शिवथरघळीत, त्याच दशकात दासबोध सिद्ध होत होता असे परंपरा सांगते. त्या ग्रंथात प्रयत्नाला जे महत्त्व दिले आहे, ते मला योगायोगापुढे माणसाने काय करावे या प्रश्नाचे आपल्या मातीतले उत्तर वाटते. रायगडाजवळच्या नाते गावी १८९६त जन्मलेले चिंतामणराव देशमुख पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. त्या संस्थेचा हातभार लागलेल्या, १९५०त सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कोणाच्या दारी जावयाचे हे यदृच्छेवर सोडले जाई, ते अशासाठी की पाहणाऱ्याच्या आवडीनिवडीने दरिद्री घर वगळले जाऊ नये. जी समता अण्णांनी ढिगांत पाहिली, तिचाच येथे न्याय म्हणून उपयोग झाला.

एवढे समजूनही मनुष्याचे समाधान होत नाही, हे मी जाणतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल महापुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. पूल का पडला याची चौकशी होऊ शकते. परंतु आदल्या थांब्यावर कोणी चहासाठी रेंगाळला, कोणाची गाडी चुकली, कोणाला शेवटची जागा मिळाली, त्या आसनावर तोच का, याची कैफियत कोणत्याही कचेरीत दाखल होत नाही. हा पूर्वकर्माचा भोग होता असे सांगणाऱ्यांचा मला फार राग येतो. कारण ज्याचे दुःख अद्याप ओले आहे त्याच्या हाती ते एक खोटा आकडा देत असतात. ईश्वर असेल तर तो त्या रात्री माणसे निवडीत बसला नव्हता, असे मी मनापासून मानतो, आणि असे मानल्याने माझी भक्ती उणी झालेली नाही.

पुढच्याच वर्षी तेथे नवा पूल झाला. पोलादपूरहून महाडला येताना गाडी त्यावर चढली की आजही बोलणी जराशी थांबतात; खिडकीशी बसलेली एखादी म्हातारी कनवटीचे नाणे काढून कपाळाला लावते आणि सावित्रीत सोडते. ते गरगरत खाली जाते, आणि छापा पडला की काटा, हे पाहण्यासाठी गाडीतले कोणीही वाकत नाही.