पाळकाचे पतन आणि मंडळीचा विश्वास

एखाद्या गावच्या पाळकाचे पाप उघडकीस येते, तेव्हा मंडळीत दोन प्रकारचे दुःख उत्पन्न होते. एक लज्जेचे. बाजारात, पाणवठ्यावर लोक बोटे दाखवू लागतात, आणि ज्यांनी आपणांस आजवर ‘बाटगे’ म्हणून हिणविले त्यांस आयतेच निमित्त मिळते. दुसरे दुःख याहून खोल असते व ते पुष्कळदा कोणी बोलून दाखवीत नाही. ज्या हातांनी बाप्तिस्मा दिला, ज्या हातांतून भाकर व प्याला घेतला, ते हात जर अशुद्ध होते, तर मिळाले ते खरे होते काय? आईच्या कबरेपाशी त्याने केलेली प्रार्थना देवाने ऐकली काय? असे विचारणाऱ्यास अल्पविश्वासी म्हणून गप्प बसविणे बरे नव्हे. त्यास उत्तर दिले पाहिजे.

हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. ३०३ मध्ये रोमी बादशहा डायोक्लेशियन याने ख्रिस्ती लोकांची शास्त्रे जाळण्याचा हुकूम काढिला. उत्तर आफ्रिकेत कित्येकांनी प्राण दिले, पण शास्त्र दिले नाही. कित्येक बिशपांनी मात्र भयाने ते हवाली केले. पुढे कार्थेज येथे केकिलियन हा बिशप झाला, तेव्हा विरोधी पक्ष म्हणू लागला की, त्याच्यावर हात ठेवणारा फेलिक्स हा शास्त्र हवाली करणाऱ्यांपैकी आहे. म्हणून केकिलियन बिशपच नव्हे, व त्याच्या मंडळीतील बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. (फेलिक्सवरील तो आरोप चौकशीअंती खोटा ठरला.) या पक्षास दोनातुस नामक पुढाऱ्यावरून दोनातपंथी म्हणू लागले. कोणी त्यांच्याकडे गेला की ते त्यास पुन्हा बाप्तिस्मा देत. शंभर वर्षांवर हे भांडण चालले, व एकेका गावी दोन मंडळ्या व दोन बिशप झाले.

त्यांच्या आवेशात सच्चेपणा नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु हिप्पो येथील बिशप ऑगस्टिन याने त्यांस जे उत्तर दिले, ते कोणत्याही शेतकऱ्यास समजेल. पाणी दगडी पाटातून वाहते. दगडावर काही उगवत नाही, तरी पाण्याने वाफा भिजतो व पीक येते. बाप्तिस्मा पाळकाचा नव्हे, ख्रिस्ताचा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात लिहिले आहे की, येशू स्वतः बाप्तिस्मा देत नसे, त्याचे शिष्य देत असत. आणि त्या शिष्यांत यहूदा इस्कर्योतही होता. यहूदाच्या हातून ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांस कोणी पुन्हा पाण्यात उतरविले नाही. (पुढे दोनातपंथीयांवर सरकारी जबरदस्ती करण्यास ऑगस्टिनने मान्यता दिली, त्या बाबतीत आम्ही त्याच्यामागे जात नाही.)

आता सावध असावे. पाटाचा हाच दृष्टांत अपराधी पाळकाचे मित्र ढालीसारखा पुढे करितात: देव पाहून घेईल, तुम्ही मंडळीची अब्रू घालवू नका! शमुवेलाचे पहिले पुस्तक उघडावे. शिलो येथे एलीचे पुत्र हफनी व फिनहास याजक होते. देवाचा भाग अर्पण होण्यापूर्वीच त्यांचा चाकर कच्चे मांस मागे, व न दिल्यास बळाने घेईन म्हणे. निवासमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियाही त्यांच्यापासून सुरक्षित नव्हत्या. एलीला सर्व ठाऊक होते. त्याने मुलांस शब्दांनी बोल लाविला, पण आवरिले नाही. आणि देवाने न्याय केला तो मुलांचाच नव्हे, बापाच्याही घराण्याचा केला. आमच्या पंचांनी व वडिलांनी हा अध्याय वर्षातून एकदा तरी एकत्र बसून वाचावा.

पण त्याच शिलोला डोंगराळ मुलखातून एक स्त्री दरवर्षी येत असे. हन्ना रडत प्रार्थना करीत होती, तेव्हा एलीला वाटले की ही द्राक्षारस पिऊन आली आहे. मुख्य याजकाची पारख ही अशी, पुत्रांची करणी ती तशी! तरी तिने पाठ फिरविली नाही, कारण ती एलीकडे आली नव्हती, परमेश्वराकडे आली होती. आणि परमेश्वराने तिचे ऐकिले.

म्हणून खेड्यांतील उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. कोणी पुन्हा बाप्तिस्मा मागितल्यास तो देऊ नये. पहिलाच खरा आहे हे त्याच्या घरी बसून शांतपणे समजावावे. पाळकाविरुद्ध तक्रार आल्यास, पौलाने तीमथ्यास सांगितल्याप्रमाणे दोनतीन साक्षीदारांनिशी ती ऐकावी, आणि दोष ठरल्यास सर्वांदेखत शब्द लावावा. मुलावर अत्याचार झाला असल्यास पंचांची बैठक भरण्याची वाट न पाहता पोलिसांत कळवावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने तसे बंधनच आहे. आणि ज्या घराची हानी झाली, तेथे आधी जावे. ते लोक उपासनेस येत नाहीत म्हणून हाजिरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे फुली मारण्यापूर्वी, त्यांच्या ओसरीवर कितीदा बसलो, हे मोजावे.