समोर कोण बसलं होतं?

रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला आणि २०१६ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये त्याचं ‘नवं’ चित्र लोकांपुढे आलं. एका डच बँकेचा पैसा, मायक्रोसॉफ्ट आणि डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाची मदत. त्याची ३४६ चित्रं संगणकानं अभ्यासली, त्यांचे १,६८,२६३ तुकडे तपासले आणि एक माणूस तयार झाला : तिशी-चाळिशीतला, दाढीमिशांचा, काळ्या कपड्यांतला, पांढरी कॉलर, डोक्यावर हॅट, तोंड उजवीकडे. छपाई करताना शाईचे तेरा थर एकावर एक चढवले, म्हणजे रंगाचे उंचवटेसुद्धा हुबेहूब यावेत. माझी भाची पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि असली यंत्रं रोज वापरते. आमचं वाजलं ते या चित्रावरून.

मी : यात फसवणूक नाही, हे मला मान्य आहे. यंत्रानं केलंय असं त्यांनी उघड सांगितलं. तरी मला ते बघवत नाही.

ती : बघवत नाही हा मुद्दा झाला नाही, मामा. कोणाचं काय बिघडलं ते सांग. त्याला जाऊन साडेतीनशे वर्षं झाली.

मी : त्यानं हातानं जे कमावलं, ते यांनी न कमावता उचललं.

ती : कोणाच्या हातानं? त्याच्याकडे शिकणारी पोरं वर्षाला शंभर गिल्डर भरायची, त्याच्यासारखं रंगवायची आणि तो ते विकायचा. त्याच काळातल्या झांड्रार्टनं हे लिहून ठेवलंय, तूच मला वाचायला दिलं होतंस. त्याची शैली त्याच्या हयातीतच अनेकांच्या हातांत होती.

मी : पण ती माणसं होती.

ती : बरं. बर्लिनमधला तो सोनेरी शिरस्त्राणवाला माणूस घे. कित्येक पिढ्या लोक त्या चित्रापुढे गप्प उभे राहिले. १९८०च्या दशकात तज्ज्ञ म्हणाले, हे रेम्ब्रांटचं नाही, त्याच्या वर्तुळातल्या कोणाचं तरी आहे. चित्रातला रंगाचा एक कणही हलला नव्हता, पण गर्दी ओसरली. तुम्ही चित्र बघता की पाटी बघता?

इथे मी बराच वेळ अडकलो आणि अजूनही पुरता सुटलेलो नाही. शिरस्त्राणाच्या कडेवर तो जाड, चकाकणारा रंग आहे आणि त्याखाली सावलीत बुडालेला, खाली बघणारा थकलेला चेहरा. धातू झगझगीत आणि माणूस विझलेला. हे सुचणारा माणूस अनामिक असला म्हणून लहान होत नाही. म्हणजे मला नावाचा मोह नाही, असं मी म्हणायला गेलो, तर ती म्हणाली, मग यंत्रालाही नाव नसतं.

मी : शिष्य एक दिवस निघून जातो. फाब्रिशियस बघ. गुरू काळोखातून उजळ चेहरा बाहेर काढायचा, यानं मागची भिंतच उजळवली आणि माणूस तिच्यापुढे गडद उभा केला. यंत्र असं घर सोडून जाणार आहे का?

ती : किती शिष्य फाब्रिशियस झाले? बाकीचे वर्षानुवर्षं गुरूचंच गिरवत राहिले. त्यांना तू सूट देतोस आणि परीक्षा फक्त यंत्राची घेतोस.

मी : ठीक आहे, शिष्य सोडून देऊ. समोर कोण बसलं होतं, ते सांग.

ती : म्हणजे?

मी : १६५४ मध्ये आंद्रादा नावाच्या पोर्तुगीज व्यापाऱ्यानं रेम्ब्रांटकडून एका मुलीचं चित्र काढून घेतलं. पंचाहत्तर गिल्डर आगाऊ दिले होते. चित्र बघून म्हणाला, ही ती मुलगी वाटत नाही, बदलून दे, नाहीतर पैसे परत कर. रेम्ब्रांट म्हणाला, उरलेले पैसे मिळेपर्यंत हात लावणार नाही. आणि साम्य आहे की नाही ते चित्रकारांच्या संघानं ठरवावं. तिथे चित्राबाहेर एक मुलगी होती. तिच्यापुढे चित्र चुकू शकत होतं. या हॅटवाल्याच्या बाबतीत ‘हा मी नाही’ असं म्हणणारं कोणी नाही. ज्या चेहऱ्याबद्दल चूकच होऊ शकत नाही, त्याला मी व्यक्तिचित्र म्हणणार नाही.

ती : मग त्याची ‘ट्रोनी’? कोणी म्हातारा, कोणी पगडीवाला, नाव नाही, गाव नाही. गिऱ्हाईक नुसता चेहरा विकत घ्यायचं. साम्याचा प्रश्नच नव्हता.

मी : गिऱ्हाइकाला नसेल. पण रेम्ब्रांटसमोर कोणीतरी बसलेलं असायचं आणि त्याच्या गालावरची सुरकुती कुठे वळेल ते त्याला आधी ठाऊक नसायचं.

ती : आणि आपल्याकडची मोगल चित्रं? जहांगीर, शाहजहान यांची चित्रं बघून त्यानं वीसहून जास्त रेखाटनं केली. तेव्हा समोर कोणी बादशहा बसला नव्हता, दुसऱ्याचं चित्र होतं. मूळ चित्रकारांना कोणी विचारलं?

मी : नाही विचारलं. पण तेव्हा तो पन्नाशीचा होता, दिवाळं निघालेलं, रंगाचे जाड थर देण्यात कोणी हात धरणारं नाही. असा माणूस महागडा जपानी कागद घेतो आणि केसाएवढ्या बारीक रेघेची, बाजूनं दाखवलेल्या चेहऱ्यांची चित्रं उतरवतो. जे आपल्याला येत नाही, त्याच्यापाशी जाऊन बसतो. यंत्र रेम्ब्रांटच्या ३४६ चित्रांच्या मधोमध जाऊन बसलं. रेम्ब्रांट स्वतः तिथे कधी थांबला नाही.

ती : मग चीड यंत्राची कशाला? मधोमध जा असं त्याला माणसांनीच सांगितलं. चिडायचं तर त्या मागणीवर चीड.

मी : मागणीवरच चिडतोय.

ती : मग ऐक. माझ्याकडे तीच मागणी आलीये. ऐतिहासिक कादंबरीचं मुखपृष्ठ. म्हातारा चेहरा, एका बाजूनं उजेड, ‘रेम्ब्रांटसारखं’ हवंय आणि दोन दिवसांत. हातानं काढायला वेळ नाही, तेवढे पैसेही नाहीत. यंत्रानं अर्ध्या तासात होईल. करू की नको?

नको म्हणणं मला सोपं होतं. तिचं घरभाडं मी भरत नाही.

मी : कर. पण कोणाला तरी समोर बसव. खालच्या मजल्यावरचे आजोबा बसतील. खिडकीपाशी बसवून त्यांचा फोटो घे, त्यावर यंत्र चालव, मग ते चित्र त्यांना दाखव.

ती : आणि ते म्हणाले, हा मी नाही?

मी : तर बदल.

ती : रेम्ब्रांट उरलेले पैसे मिळेपर्यंत बदलायला तयार नव्हता, मामा. मी त्याच्यासारखं वागावं की नाही, ते तू आधी ठरव.