खाऱ्या बोअरवरची बाग

जठारपेठ, अकोला
वैशाख वद्य पंचमी

चि. सौ. वैदेहीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. अमरावतीहून नेलेली अकराच्या अकरा गुलाबाची कलमं गेली, आणि आता शेजारच्या बाया म्हणतात की नव्या सुनेच्या हाताला गुण नाही. हे वाचून मला राहवेना, म्हणून स्वयंपाक तसाच ठेवून लिहायला बसले. आधी एवढंच ऐक. तुझ्या हातात काही खोट नाही. गुलाब पाण्यानं मारले.

तू लिहिलं आहेस त्यातच ते दिसतं. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग कुरकुरीत झाल्या. सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून झाली. माती ओली असतानाही झाड दुपारी मान टाकायचं. कुंडीच्या काठावर पांढरी पूड जमली. ही मिठाची लक्षणं आहेत. झाड तहानलेलं दिसलं की आपण आणखी पाणी घालतो, आणि त्या पाण्यासोबत आणखी मीठ घालतो. तूही तेच केलंस. मीही केलं होतं. अकोट तालुक्यात शाळेवर होते तेव्हा मुलांकडून वर्गणी गोळा करून गुलाबाचा ताटवा लावला होता. मे महिना उजाडेपर्यंत काटक्या उरल्या. पाणी घालायची पाळी असलेल्या मुलांना मी रागावले, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं.

तू अमरावतीत वाढलीस. तिथल्या नळाला अप्पर वर्धा धरणाचं गोडं पाणी. आता तू दर्यापूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात आहेस. वर सातपुड्याचे गाविलगडचे डोंगर, खाली अजिंठ्याची रांग, आणि मध्ये पूर्णेनं हजारो वर्षं गाळ आणून भरलेलं खोल खोरं. निचरा मंद, पाऊस बेताचा, ऊन जबर. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली आठशेहून जास्त गावं आणि साडेचार लाख हेक्टरांच्या वर जमीन या पट्ट्यात येते. इथे समुद्र होता असं म्हातारी माणसं सांगतात, पण खाऱ्या पाण्याचं कारण त्या खोऱ्याच्या घडणीत आणि हवामानातच आहे.

तुमच्याकडे संकटं दोन आहेत, आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिलं खाऱ्या पाण्याचं. मुळांभोवती क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घ्यायला जोर लागतो; ओल असून झाड उपाशी राहतं. शिवाय सोडियम आणि क्लोराइड पानांत चढून कडेला साठतात आणि पान जळतं. दुसरं संकट मातीचं. तुमच्या काळ्या मातीत चिकणमाती भरपूर, आणि तिच्या कणांना सोडियम चिकटला की ढेकळं विरघळून गाऱ्यासारखी होतात, बारीक भेगा बुजतात, पाणी वरच उभं राहतं. मातीला चिकटलेल्या घटकांत सोडियम 15 टक्क्यांच्या वर गेला की जमीन चोपण, असं अमेरिकेतल्या क्षारता प्रयोगशाळेनं 1954 च्या आपल्या पुस्तकात ठरवलं. आपल्याकडच्या मृद शास्त्रज्ञांना मात्र पूर्णेच्या खोऱ्यात 15 च्या पुष्कळ आधीच निचरा बसलेला आढळला. बाहेरच्या पुस्तकातला आकडा आपल्या मातीला जसाच्या तसा लावायचा नाही, हे मी त्यातून शिकले.

याशिवाय नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर ते मिठाचं नव्हे. आपल्या मातीत चुनखडी फार, म्हणून लोह असून मुळांना मिळत नाही. एक्झोऱ्याला हे हमखास होतं.

आता झाडांचं बोलू. तुमच्या शिवारात पऱ्हाटी कशी डोलते, पाहतेसच. मातीतल्या ओलीची क्षारता मीटरला 7.7 डेसिसायमनपर्यंत (क्षारता याच मापात मोजतात) गेली तरी कपाशीचं उत्पन्न घटत नाही; इतकी सोसशील पिकं थोडीच. आणि तिच्याच कुळातली अंगणातली जास्वंद त्याच्या निम्म्यातच कोमेजू लागते. मुलांना मी ही जोडी नेहमी दाखवायची. कुळावरून सोसण्याची ताकद ओळखता येत नाही, एकेका झाडाची वेगळी माहिती घ्यावी लागते.

जमिनीत बोगनवेल लाव, डोळे झाकून. कण्हेर लाव; तीही खारं पाणी आणि वैशाखाचं ऊन दोन्ही पचवते. फक्त कण्हेर नखशिखांत विषारी आहे, म्हणून गोठ्याजवळ नको, शेळ्यांच्या वाटेवर नको, आणि तोडलेल्या फांद्या कडब्यात मिसळू देऊ नकोस. पांढरा चाफा चांगला टिकतो. कुंपणाला कोयनेल घाल. लोक तिला नुसती कापत राहतात म्हणून तिची पांढरी नाजूक फुलं कुणाला माहीतच नाहीत. एक बाजू न कापता ठेव. वाफ्यात कोंबडा पेर. त्याची रानटी बहीण कुरडू तुमच्या धुऱ्यावर आपोआप उगवते, यावरूनच त्याची चिवटाई समजून घे. चिनी गुलाब लाव, तो आपल्या घोळीच्या भाजीचा सख्खा नातेवाईक, आणि घोळ खाऱ्या जमिनीत किती माजते ते सासूबाईंना विचार. गलांडा होईल. झेंडू आणि शेवंती मधल्या पायरीवर आहेत. फूल थोडं लहान येईल, पण दसऱ्याच्या तोरणापुरतं येईल.

ग्लॅडिओलस आणि जरबेरा यांच्या नादी लागू नकोस. रोपवाटिकेत फुललेले पाहून मोह होतो, पण ते तुमच्या बोअरवर जगायचे नाहीत.

गुलाब आणि मोगरा सोडून दे, असं मी सांगणार नाही. मोगऱ्याशिवाय तुझा उन्हाळा कसा जाईल ते मला ठाऊक आहे. ते कुंड्यांत लाव आणि त्यांना पावसाचंच पाणी दे. तुमच्या घरावरचे पत्रे साधारण 100 चौरस मीटर आहेत. त्यांवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी होतं. एका 20 मिलिमीटरच्या सरीत हजार लिटरच्या दोन टाक्या भरतात. जावईबापूंना पन्हाळी बसवून घ्यायला सांग. पहिल्या दोन सरींचं पाणी वाहू दे, पत्रे धुऊन निघतील. पावसाळा सरताना टाक्या काठोकाठ भरून घे आणि झाकून ठेव. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, फट राहिली की डास होतात. चार कुंड्यांना मिळून रोज 8 लिटर म्हटलं तरी 2000 लिटर 250 दिवस पुरतात. दिवाळीपासून मृगापर्यंतचे दिवस त्याहून कमीच भरतात.

कुंडीत शेतातली काळी माती भरू नकोस. तळाशी विटांचे तुकडे, वर मुरूम, चाळलेली माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. तळाचं भोक मोकळं हवं. पाणी देताना थोडं खालून निथळेल इतकं दे. दिलेल्यातला पाचवा-सहावा हिस्सा बाहेर पडला तर साठलेले क्षार त्यासोबत जातात. खाली ठेवलेल्या ताटलीत ते पाणी साचू देऊ नकोस, नाहीतर तेच मीठ परत वर चढतं. कलम आणताना खुंट कोणता ते विचार, कारण मीठ सोसायचं की नाही ते गुलाबात खालच्या मुळांवर फार अवलंबून असतं.

आणखी एक चूक घरोघर होताना पाहते. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून बाया ते कुंड्यांना घालतात. मशीन क्षार नाहीसे करत नाही, ते गाळून त्या टाकाऊ पाण्यात सोडते. म्हणजे बोअरपेक्षाही खारं पाणी आपण कौतुकानं झाडांना पाजतो. ते फरशी धुवायला वापर.

बोअरचं पाणी बोगनवेलीला देशील तेव्हा बुंध्याशी दे, पानांवर मारू नकोस; थेंब सुकला की मीठ पानावरच राहतं. वाफे उंच गादीसारखे कर. वर सोयाबीनचं कुटार पसर, म्हणजे ऊन जमिनीतलं पाणी ओढून क्षार वर आणणार नाही. चुलीची राख घालू नकोस, तुमची माती आधीच अल्कधर्मी आहे.

आणि मृगाच्या आत जिप्सम टाक. मी चौरस मीटरला पाव किलो टाकत आले, पण तू मातीच्या तपासणीप्रमाणे घे. वरच्या वीतभर थरात मिसळ. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, आणि सुटलेला सोडियम पाऊस खाली वाहून नेतो. म्हणून वाफ्याच्या कडेनं चर हवाच. चर नसेल तर तो सोडियम तिथेच फिरत राहील.

बागेचं सोडून एक सांगते, रागावू नकोस. नळाचं पाणी दोन दिवस आलं नाही म्हणून बोअरचं पाणी प्यायला घेऊ नका. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या दुखण्यांनी किती घरं खचली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी पिण्याची घागर, मग मोगरा.

या सगळ्याच्या आधी पाणी तपासून घ्यायला हवं. सिंचनाच्या पाण्याची क्षारता 0.7 डेसिसायमनच्या खाली असली तर कसलीच काळजी नाही, 3 च्या वर गेली तर मी सांगितलेल्या सोसशील झाडांनाच हात घाल. सोबत सामू आणि सोडियमचं प्रमाणही पाहून घेऊ. इथल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात माती आणि पाणी दोन्ही तपासतात. मी स्वतः घेऊन जाईन. जावईबापू पुढच्या आठवड्यात अकोल्याला येणार आहेत ना? त्यांच्याबरोबर लिटरभराच्या दोन स्वच्छ बाटल्या पाठव, एक बोअरची, एक विहिरीची. बोअर दहा मिनिटं चालू ठेवून मग भर, बाटली त्याच पाण्यानं दोनदा खंगाळ, आणि कोणती कुठली ते वर लिहायला विसरू नकोस. वाफ्यातली किलोभर मातीही कापडी पिशवीत दे.

सासूबाईंना माझा नमस्कार.

तुझी,
सुमनआत्या