घोरपड कुणाची, कोळी कुणाचा?

रात्रपाळी उतरून अंकाचा कागद आणायला नारायण पेठेत गेलो. दुकान उघडलं नव्हतं. केसरीवाड्याच्या अलीकडं एका ओट्यावर आम्ही दोघं टेकलो. दाराच्या फळीवर एक उड्या मारणारा कोळी. ज्वारीच्या दाण्याएवढा. शिकारीला जाळं नाही. आठ डोळे, त्यातले पुढचे दोन टपोरे. झेप घ्यायच्या आधी त्यानं धागा फळीला चिकटवला, मगच उडाला. रिंगखात्यात आठ तास तुटकं सूत सांधणारा माणूस मी. जीव खूश झाला.

दारावरच जुनं कॅलेंडर होतं. तानाजी, कडा आणि घोरपड. सोबतचा कार्यकर्ता म्हणाला, "घोरपड सरदारांची, कोळी आपला. यावर कविता लिही." मला पटलं. चार ओळी तिथंच लिहिल्या.

रात्री मशीनवर त्या ओळी टोचाय लागल्या. घोरपड सरदारांची कशी? ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाणा घेतला. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात यशवंती घोरपड कडा चढते. अभ्यासक ती दंतकथा मानतात. पण पोवाड्यात एवढा मान असलेल्या घोरपडीचं शिवारात काय होतं? कपारीतून ओढून तेलासाठी, मांसासाठी मारतात. नराचं वाळवलेलं जननेंद्रिय 'हत्थाजोडी' नावाचं मूळ म्हणून विकतात. घरात लक्ष्मी येते म्हणे! १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी चोरून चालतंच. कामापुरती वाहवा, मग कातडं सोलायचं. आपल्या आज्याला हे सांगाय नको. वेसकर म्हणून त्यानं रात्ररात्र गाव राखलं, इमानी म्हणवून घेतलं, आणि भाकरी वरून टाकलेली झेलली.

बरं, कोळी आपला? माशीला विचारा.

लहान म्हणून निर्दोष, हे गणित आपण फार लवकर मांडतो, गड्यांनो. खात्यात मुकादम माझ्यावर ओरडतो. मी बदलीवाल्या पोरावर ओरडतो. त्याला नावानं हाक मारत नाही, "ए बदली" म्हणतो. बाबासाहेबांनी दाखवलेली श्रेणीबद्ध विषमता ती हीच: प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी, म्हणून वरचा पाय कुणाला जड वाटत नाही. कोळ्याचं तसं नाही. त्याला भूक लागते, तो माशी धरतो. माशी जन्मानं नीच म्हणून त्यानं पोथी लिहिली नाही. पोथी आपल्यातच लिहिली जाते, आणि मी माझ्या चार ओळींत तीच उलटी करून लिहीत होतो. वरचा खाली, खालचा वर, शिडी तीच.

कागद फाडला. चहाच्या सुट्टीत त्या पोराला नावानं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. दुसऱ्याच कुणाला बोलावतोय असं वाटलं असणार.