पाना कोणाच्या हाती

जुन्या मोटारीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून त्या जागी मॅन्युअल गिअरबॉक्स बसवणे हे वरवर पाहता एक पेटी उतरवून दुसरी चढवण्याचे काम आहे. प्रत्यक्षात त्यात एक अधिकार यंत्राकडून माणसाकडे येतो. कोणता गिअर, कोणत्या क्षणी, हे ऑटोमॅटिक गाडीत तेलाचा दाब, झडपा आणि पुढच्या काळातल्या गाड्यांत संगणक ठरवतात. मॅन्युअल गाडीत ते चालकाचा डावा पाय आणि डावा हात ठरवतात. पण या बदलाचे खरे मोल गाडी चालवण्याच्या आनंदात शोधण्यापेक्षा दुरुस्तीत शोधावे लागते. गाडी बिघडली की ती जिथे उभी आहे तिथे, तिथल्या माणसांकडून, तिथल्या अवजारांनी नीट होईल का, हा खरा प्रश्न आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या, तंजावर परिसरातल्या गावांतून पाहिले की तो नेमका दिसतो.

इंजिन फेऱ्यांच्या ठरावीक पट्ट्यातच चांगला जोर देते. गाडीला मात्र थांबल्या जागेवरून उठायचे असते आणि मोकळ्या रस्त्यावर धावायचेही असते. या दोन गरजा जुळवण्याचे काम गिअरबॉक्स करतो. मॅन्युअल रचनेत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्यावर क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबले की पकड सुटते, सोडले की बसते. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर येतो, म्हणजे तेलाने भरलेला बंद डबा. त्यातल्या एका पंख्याने ढकललेले तेल दुसऱ्या पंख्याला फिरवते. त्यामागे ग्रहचक्री गिअरांचे संच, त्यांना धरणारे-सोडणारे छोटे क्लच आणि या सगळ्यांकडे तेल वाटून देणारा झडपांचा ठोकळा असतो. जनरल मोटर्सची ‘हायड्रा-मॅटिक’ ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली ऑटोमॅटिक रचना. ती 1940 च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत आली. भारतात अशा गाड्या दीर्घकाळ तुरळकच राहिल्या. मारुतीच्या झेन आणि एस्टीम यांच्या काही आवृत्त्या ऑटोमॅटिक होत्या, पण रस्त्यावर बहुसंख्या मॅन्युअल गाड्यांचीच होती.

या तुरळकपणाचा परिणाम आजही खेड्यात जाणवतो. कुंभकोणम, मन्नारगुडी किंवा तिरुवैयारूच्या आसपासच्या गावांत ट्रॅक्टर आहेत आणि कापणीच्या हंगामात मळणी करणारी मोठी यंत्रे येतात. चेन्नईच्या टाफे कंपनीचे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर तमिळनाडूच्या शेतीत कित्येक दशके राबत आले आहेत. त्यामुळे क्लच प्लेट घासली आहे, रिलीज बेअरिंग ओरडते आहे, गिअर ऑइल गळते आहे, ही भाषा तिथल्या गॅरेजमध्ये रोजची आहे. झडपांच्या ठोकळ्यात कोणती स्प्रिंग कुठे बसते हे ज्ञान मात्र मोठ्या शहरात, तेही मोजक्या ठिकाणी मिळते. यंत्र तेच, दोष कदाचित किरकोळच, पण ज्ञान दूर असल्यामुळे गाडी अंगणात महिनोन्‌महिने उभी राहते.

भूगोलही यात भर घालतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसात हा सपाट, गाळाचा प्रदेश पाण्याने भरतो आणि कालव्याच्या काठाने जाणारे रस्ते खचतात, बुडतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात पाणी शिरले की आतल्या क्लचांच्या घर्षण-अस्तराचा गोंद सुटू लागतो आणि सगळी पेटी खोलावी लागते. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पाणी गेले तरी वेळीच तेल बदलले तर तो बहुधा वाचतो. इंजिन बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी तिची चालणारी चाके जमिनीवर ठेवून लांबवर ओढत नेता येत नाही, कारण आतला तेलपंप इंजिनावर चालतो आणि तेलाविना गिअर सुकेच फिरतात. मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ट्रॅक्टरला दोर बांधला की गावापर्यंत येते. बॅटरी क्षीण असली तर चार माणसांच्या ढकलण्याने ती चालूही होते.

काम करायचे ठरले तर पहिली गरज दाता गाडीची, म्हणजे त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनाच्या, पण मॅन्युअल असलेल्या भंगारातल्या गाडीची. सुटे भाग एकेक करून जमवण्यापेक्षा अख्खी गाडी जवळ असणे शहाणपणाचे, कारण यादीत कधीच न आलेली वस्तू ऐनवेळी तिच्यातच सापडते. गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लचचा संच, क्लचचे पेडल, अरुंद ब्रेक पेडल, क्लचची केबल किंवा तेलाचे सिलिंडर, गिअरचा दांडा आणि त्याची जोडणी, गिअरबॉक्स तोलून धरणारे माउंटिंग हे सगळे तिच्यातून येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चाकांकडे जाणारे ड्राइव्ह शाफ्ट बदलू शकतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टची लांबी वेगळी निघते. दोन्ही बाबतीत मोजून पाहिल्याशिवाय काही गृहीत धरू नये.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी बॅटरीची तार सोडायची. गाडी जॅकवर नव्हे, पक्क्या स्टँडवर उभी करायची. जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. गिअरबॉक्सचे तेल काढायचे, रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या सोडून तोंडे बंद करायची. टॉर्क कन्व्हर्टरचे बोल्ट काढून तो गिअरबॉक्सबरोबरच खाली उतरवायचा. इंजिनाला खालून आधार द्यायचा, कारण माउंटिंग निघाले की ते झुकते. पेटी जड असते. तिकाटण्याला टांगलेली चेन पुली किंवा गिअरबॉक्सचा जॅक असला तरच ती उतरवावी.

पुढचा टप्पा बारीक आहे आणि घाई इथेच महागात पडते. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाच्या टोकाला पातळ पत्र्याची चकती असते. तिच्या जागी जाड फ्लायव्हील येते, म्हणून जुने बोल्ट आखूड पडतात. फ्लायव्हीलचेच बोल्ट लागतात आणि ते ठरलेल्या ताणाने आवळावे लागतात. क्रँकशाफ्टच्या मध्यभागी गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक पेलणारी बुश किंवा बेअरिंग लागते. ऑटोमॅटिक इंजिनात ती बहुधा नसते. ती बसवायला विसरले तर गाडी चालते, पण काही काळाने गिअरबॉक्स आवाज करू लागतो. मग क्लच प्लेट. तिच्या मध्यातल्या खाचांमधून गिअरबॉक्सचा दांडा आरपार जायचा असतो. प्रेशर प्लेट सैल ठेवून मधोमध एक लाकडी किंवा लोखंडी दांडा सरकवतात, तशाच जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा दांडा मिळाला तर उत्तमच, आणि मग बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळतात. प्लेट केसाएवढी जरी बाजूला राहिली तरी वर उचललेला जड गिअरबॉक्स जागी बसत नाही. तो जोर लावून, बोल्टने ओढून बसवण्याचा मोह होतो. तसे केले की प्लेटचा मध्यभाग वाकतो. जाणकार मेकॅनिक तिथे थांबतो, पेटी खाली घेतो आणि प्लेट पुन्हा मध्यावर आणतो. बोटांना चिकटलेले तेल किंवा ग्रीस अस्तराला लागले तर नवा क्लचही घसरतो. म्हणून या टप्प्यावर हात धुऊन घेणे ही कामातलीच एक पायरी आहे.

यांत्रिक भाग बसला की विजेचा उरतो. ऑटोमॅटिक गाडी ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरू नये अशी सोय असते. त्या सोयीच्या तारा क्लच पेडलखालच्या स्विचला जोडून तीच सुरक्षा पुन्हा उभी करणे योग्य. त्या नुसत्या एकमेकींना जोडून टाकल्या तर गिअरमध्ये असलेली गाडी चावी फिरवताच पुढे उडी मारते. मागे जाण्याचे दिवे, वेगाचा सेन्सर, इंजिनाच्या संगणकाला मिळणारे संदेश हे एकेक करून जुळवावे लागतात. नव्या गिअरांची प्रमाणे वेगळी असल्याने वेगमापक चुकीचा आकडा दाखवू शकतो.

एक भाग बदलला की त्याच्याशी जुळलेले दहा भाग बदलावे लागतात, हा या कामातला सर्वांत खोल धडा. तो या प्रदेशाला फार आधीपासून माहीत आहे. तंजावरजवळ कावेरीवर करिकाल चोळाच्या नावाने ओळखले जाणारे कल्लणै हे दगडी धरण आहे. श्रीरंगम बेटाच्या टोकाशी कावेरीचे पाणी खोलगट कोळ्ळिडम नदीत निसटून जाऊ नये म्हणून ते बांधले गेले. मूळ रचना दारांवाचून चालणारी होती. पाणी कमी असले की बांध ते शेतांकडे वळवी आणि पूर आला की जास्तीचे पाणी माथ्यावरून कोळ्ळिडममध्ये जाई. पुढे गाळाने कावेरीचे पात्र वर येऊ लागले आणि कोळ्ळिडम अधिकाधिक पाणी ओढू लागली. सर आर्थर कॉटन यांनी 1836 मध्ये मुक्कोम्बू येथे वरचा बंधारा बांधला आणि पाणी पुन्हा कावेरीकडे वळले. ते इतके वळले की पुढे कल्लणैलाही दारांनी नियंत्रण बसवावे लागले. आपोआप चालणाऱ्या बांधाचे हाताने चालवायच्या धरणात रूपांतर झाले. आज ती दारे उघडमीट करणारे सरकारी कर्मचारी ‘लस्कर’ म्हणून ओळखले जातात, महाराष्ट्रातल्या पाटकऱ्याचे हे भाऊबंदच. या रूपांतरात निर्णय माणसाकडे आला आणि त्याबरोबर रोजची देखरेखही आली. देखरेखीची किंमत किती असते हे ऑगस्ट 2018 मध्ये दिसले. तेव्हा मुक्कोम्बूच्या जुन्या बंधाऱ्याची नऊ दारे पुरात वाहून गेली.

दुरुस्तीचा हक्क हा शब्दप्रयोग आज नवा वाटतो, पण तंजावरच्या मराठ्यांना तो प्रश्न अठराव्या शतकातच भिडला होता. कल्लणैजवळचा कावेरीचा काठ तिरुचिरापल्लीच्या हद्दीत, म्हणजे अर्काटच्या नवाबाच्या ताब्यात होता. त्यावर जगणारी भातशेती मात्र भोसल्यांच्या राज्यात होती. काठ फुटला तर दुरुस्त कोणी करायचा, यावरून 1760 च्या दशकात वाद पेटला आणि मद्रासच्या ईस्ट इंडिया कंपनीला मध्ये पडावे लागले. ज्याला वस्तू वापरायची आहे त्याला ती दुरुस्त करता आली नाही, तर ती खऱ्या अर्थाने त्याची राहत नाही, हे तंजावरच्या दरबाराला कळून चुकले होते. भारत सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे आणि मोटारी हे दोन्ही विभाग घेतले. दोन्ही काळांतली मागणी एकच आहे.

म्हणून रूपांतराला मर्यादाही याच मापाने घालाव्या लागतात. डाव्या पायाला इजा असलेल्या, संधिवाताने त्रस्त किंवा वयोवृद्ध चालकाला ऑटोमॅटिक ही चैन नसून गरज असते. अशा घरात बदल करणे म्हणजे एकाची सोय काढून दुसऱ्याला देणे आहे. 2014 मध्ये मारुती सेलेरिओपासून भारतात रुळलेल्या एएमटी गाड्यांचा प्रकार वेगळा आहे. त्यांच्या पोटात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच आणि दांडा हलवायला यंत्र बसवलेले असते. तिथे पेटी बदलण्यापेक्षा हलवणारे यंत्र दुरुस्त करणेच बहुधा स्वस्त पडते. कायद्याचे भान हवेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात ही मर्यादा ठामपणे मांडली. म्हणून पाना हाती घेण्याआधी परिवहन कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. अपघातानंतर दावा नाकारला गेला तर वाचवलेला खर्च व्यर्थ जातो.

एवढे सगळे पाहिल्यावर निर्णयाची कसोटी सोपी होते. बदलानंतर बिघाड शोधणारा माणूस, सुटा भाग आणि अवजार ही तिन्ही गावाच्या टप्प्यात येणार असतील, तर घरच्या अंगणात आठवडाभर केलेले हे कष्ट सार्थकी लागतात. ती आधीच टप्प्यात असतील, किंवा बदलानंतरही येणार नसतील, तर चालू यंत्र तसेच सांभाळावे. काम संपल्यावर पहिली चाचणी मोकळ्या रस्त्यावर, सावकाश घ्यावी. शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर गिअर ऑइलची पातळी, क्लच पेडलची उंची आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा तपासावेत. काय बदलले, कोणत्या तारेचा रंग कुठे गेला, कोणत्या गाडीचा भाग वापरला, याची नोंद एका वहीत लिहून ती गाडीतच ठेवावी. पुढच्या बिघाडाला येणारा मेकॅनिक वेगळा असेल आणि त्याला ही वहीच वाट दाखवील.