ढगातील प्रामाण्य

ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानावरूनच कळते, की त्यासाठी दुसऱ्या ज्ञानाची साक्ष लागते, हा भारतीय दर्शनांतील एक जुना आणि चिवट वाद आहे. मीमांसकांचा पक्ष स्वतःप्रामाण्याचा, म्हणजे झालेले ज्ञान मुळात खरेच मानावे आणि त्याच्या साधनात दोष आढळला किंवा त्याला खोडून काढणारे बाधक ज्ञान पुढे आले तरच ते सोडावे, असा आहे. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात. त्यांच्या मते ज्ञानाचा खरेपणा बाहेरच्या कसोटीने, बहुधा त्यावर विसंबून केलेल्या कृतीच्या यशाने ठरतो, म्हणून दूरवर दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे तिथे जाऊन तहान भागल्यावर निश्चित होते. पाठशाळांत शतकानुशतके चाललेल्या या वादाची कसोटी फ्लाइंग क्लबच्या विमानात अगदी रोकड्या स्वरूपात लागते.

1928 साली जुहू येथे सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. याच क्लबचे उड्डाण प्रशिक्षण आता धुळ्याला चालते. प्रशिक्षकासोबतची ड्युअल उड्डाणे, धावपट्टीभोवतीची सर्किटे, पहिले सोलो आणि मग क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणापर्यंतचे उड्डाण, असा शिक्षणाचा क्रम असतो. यांतील क्रॉस-कंट्री हे न्यायदर्शनाने मानलेल्या चारही प्रमाणांचे, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचे, उत्तम उदाहरण ठरते. झाशीहून ईशान्येकडे निघालेल्या विमानाने डावीकडे पहूज आणि उजवीकडे बेतवा नदी ठेवून समथर हे जुने संस्थानी गाव गाठायचे आहे असे मानले, तर नकाशा हा जाणकाराचा शब्द होय, वेग आणि वेळ यांवरून अंतर ठरवणे हे अनुमान होय, वर्णनातल्या साम्यावरून तिथला किल्ला ओळखणे हे उपमान होय, आणि तो डोळ्यांना दिसणे हे प्रत्यक्ष होय. चारही प्रमाणे एकमेकांना दुजोरा देतात तोवर प्रामाण्याचा प्रश्न वैमानिकाला पडतही नाही.

हिवाळ्यात बुंदेलखंडाच्या मैदानावर धुके पसरते किंवा विमान ढगात शिरते, तेव्हा मात्र क्षितिज नाहीसे होते आणि शरीर खोटी साक्ष देऊ लागते. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळणाची सुरुवात टिपतो. पण विमान एकाच गतीने वळत राहिले, तर थोड्याच वेळात तो द्रव नलिकांच्या गतीशी जुळतो आणि वळणाची जाणीव संपते, इतकी की विमान सरळ केल्यावर ते उलट बाजूस वळत असल्याचा भास होतो. 1954 साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगात, उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या 20 वैमानिकांची बाहेरची दृष्टी बंद केली असता सगळ्यांचाच विमानावरचा ताबा सुटला, आणि त्याला सरासरी 178 सेकंद लागली. या भ्रमाचे कारण ठाऊक असूनही तो जात नाही, ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. काविळीच्या रोग्याला शंख पिवळा दिसतो आणि तो पांढरा आहे हे माहीत असूनही पिवळाच दिसत राहतो, हा दृष्टान्त दार्शनिकांनी नेमका अशाच प्रसंगासाठी वापरला आहे. अशा वेळी वैमानिकाने भास नाहीसा होण्याची वाट न पाहता तो असताना त्याच्याविरुद्ध हात चालवायचा असतो, आणि हे बौद्धिक संमतीपेक्षा फार अवघड काम आहे.

मग विश्वास ठेवायचा तो उपकरणांवर. 24 सप्टेंबर 1929 रोजी अमेरिकी वैमानिक जेम्स डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर न पाहता, विमान उडवून उतरवले तेव्हा हे शक्य असल्याचे सिद्ध झाले. उपकरणाला आप्त, म्हणजे विश्वसनीय वक्ता, म्हणण्याचा मोह होतो. पण आप्ताला सांगण्याची इच्छा असावी लागते आणि काट्याला ती नसते, म्हणून काट्यावरून होणारे ज्ञान हे अनुमानच होय, आणि अनुमानाचा हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ते चिन्ह, सदोष असू शकतो. वेगमापकाला हवा पुरवणाऱ्या पिटो नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले तर काटा खोटा वेग दाखवतो. अनेक छोट्या विमानांत कृत्रिम क्षितिजाचा जायरो निर्वात पंपावर चालतो, आणि पंप बंद पडल्यास ते क्षितिज एकदम न कोसळता हळूहळू कलते, म्हणजे अगदी पटेल अशा रीतीने फसवते. म्हणून वैमानिकाची नजर विजेवर चालणारा वळणदर्शक, उंचीमापक आणि होकायंत्र यांवर सतत फिरत असते. एका उपकरणाची खात्री दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने, असे करत गेल्यास शेवट कुठे, हा अनवस्थेचा आक्षेप मीमांसकांनी नैयायिकांवर घेतला होता, आणि ढगात तो केवळ तर्काचा राहत नाही, कारण शंका घेत बसायला तिथे वेळ नसतो.

नैयायिकांची यशाची कसोटी या ठिकाणी लंगडी पडते, कारण ती फसली तर परीक्षा घेणाराच उरत नाही. हँगरसमोर तिचे राज्य निर्विवाद आहे: पिटो नळीचे आवरण काढणे, टाकीतून इंधन काढून त्यात पाणी आहे का ते पाहणे, उंचीमापक स्थानिक वायुदाबाशी जुळवणे, यांत कशावरही न तपासता विश्वास ठेवायचा नसतो. एकदा ढगात शिरल्यावर मात्र मीमांसकांचा नियम पाळावा लागतो: उपकरणांवर विसंबावे, ती एकमेकांविरुद्ध गेली तरच दोष शोधावा, आणि ज्याचा दोष आधीच सिद्ध आहे त्या कानाला त्या मतभेदात पक्षकारही करू नये. दोन्ही दर्शनांचा समन्वय झाला असे यावरून म्हणणे घाईचे होईल. ज्ञानाचे प्रामाण्य कुठून येते यापेक्षा शंका कोणत्या क्षणी घ्यावी हा प्रश्न निराळा आहे, आणि क्लबचे शिक्षण उत्तर देते ते या दुसऱ्या प्रश्नाचे. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांच्या उड्डाणांत उपकरणांवरील सरावाचे किमान 10 तास असावे लागतात, आणि त्यांतील 5 तासांपर्यंतचा सराव जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये केलेला चालतो.